भिकू म्हात्रेचा कोल्हापुरी हेल

"तो भिकू म्हात्रे पडद्यावर बोलतो ना, ते आमच्या कोल्हापूरचं आहे," माई म्हणाल्या.

मी पापडांची परात भिंतीवर टेकवली. आता ऐकून घेणं भाग होतं. माझं माहेर अलिबागकडचं, आजोळी निम्मं गाव म्हात्रे. कोल्हापूरनं म्हात्र्यांवर कधीपासून हक्क सांगायला सुरुवात केली?

"माई, म्हात्रे आमच्याकडचे. कोल्हापूरचा काय संबंध?"

"आडनाव तुमचं, हेल आमचा. मनोज वाजपेयीनं स्वतः सांगितलंय. तो मूळचा बिहारचा, बेतियाकडचा. त्याला मुंबईचा मराठी गुंड करायचा, तर मराठी आणायची कुठून? त्याच्याकडे स्वयंपाकाला कोल्हापूरचं माणूस होतं. त्याच्या बोलण्यावरून उचलला की हेल! आणि सगळी मुंबई म्हणते, काय अस्सल मुंबईकर रंगवलाय!"

बदलापूरच्या आमच्या दोन घरांमधली भिंत छातीएवढी आहे. तिच्यावरून विरजणाची वाटी जाते, पेपर जातो आणि बातम्या तर दोन्ही बाजूंनी जातात. २०२५ च्या जानेवारीत भिकूचा तो सिनेमा, 'सत्या', पुन्हा थिएटरला लागला, तेव्हा माई नातवाला घेऊन गेल्या होत्या. नातू घरी येऊन मोबाइलमध्ये शिरला. माई मात्र तेव्हापासून त्या सिनेमातून बाहेर आलेल्या नाहीत. कुठल्या मुलाखती ऐकतात, काय काय वाचतात देव जाणे. पण सिनेमावाल्यांबद्दल अशा बोलतात, जणू नणंदेच्या सासरची माणसं.

"आणि एवढ्यावर थांबतंय होय," त्यांनी बोटं मोजायला घेतली. "दिग्दर्शक रामगोपाल वर्मा हैदराबादचा. सत्या झालाय तो चक्रवर्ती, तोही तिकडचाच, वर्माच्या पहिल्या तेलुगू 'शिवा'पासून त्याच्याबरोबर. लिहिणारे दोन, त्यातला अनुराग कश्यप उत्तर प्रदेशचा आणि सौरभ शुक्ला दिल्लीत वाढलेला. तो पुढारी भाऊ झालाय ना, गोविंद नामदेव, तो मध्य प्रदेशातल्या सागरचा. इन्स्पेक्टर खांडिलकर झालेला आदित्य श्रीवास्तव अलाहाबादचा. आणि कॅमेरा कुणाकडे? अमेरिकन माणसाकडे!"

"मग आपलं कोण होतं?"

"उर्मिला मातोंडकर. आणि तो वकील मुळे झालेला मकरंद देशपांडे. नाव घेण्यासारखी म्हटली तर हीच. बाकी सगळा बाजार बाहेरून भरलेला."

तो अमेरिकन म्हणजे जेरार्ड हूपर. तिकडे सिनेमाचं शिक्षण देणारा माणूस. वर्माला मुंबई ज्याला नवी आहे असाच कॅमेरामन हवा होता. इथं वाढलेल्या माणसाला भिंतीवरची ओल दिसत नाही, जिन्यातला अंधार दिसत नाही. त्याच्यासाठी ते रोजचंच असतं. हूपरला त्याच्या पुढच्या कामामुळे मध्येच परत जावं लागलं आणि उरलेलं शूटिंग मझहर कामरान यांनी पूर्ण केलं. दोघांचीही नावं टायटल्समध्ये आहेत. कुठला प्रसंग कुणी टिपला हे मला तरी ओळखता येत नाही आणि त्यात कामरान यांचं मोठेपण आहे असं मला वाटतं. दुसऱ्यानं अर्धं विणलेलं स्वेटर त्याच घट्ट-सैल टाक्यांनी पुरं करणं काय असतं, ते विणणाऱ्यालाच विचारावं.

माईंचा आवाज खाली आला. आवाज खाली आला की खरी बातमी येते.

"ओशिवऱ्याची गोष्ट ठाऊक आहे का तुला?"

"नाही."

"वर्माच्या ओळखीचा एक माणूस ओशिवऱ्याला उंच बिल्डिंगमध्ये राहायचा. त्याच बिल्डिंगमधला दुसरा एक जण त्याला लिफ्टमध्ये भेटायचा. हसायचा, नमस्कार-चमत्कार व्हायचे. सभ्य माणूस. आणि एक दिवस पोलीस आले आणि त्या सभ्य माणसाला घेऊन गेले. टोळीतला निघाला!"

"अगं बाई!"

"वर्माला धरलं ते इथं. म्हणजे शेजारी राहतो, रोज दिसतो आणि तो काय करतो याचा आपल्याला पत्ता नाही. म्हणून तर सिनेमात ती विद्या आणि हा सत्या समोरासमोरच्या दारात राहतात. ती गाणं शिकलेली, घरी आजारी वडील. तिला वाटतं, मुलगा अबोल आहे पण चांगला आहे. शेवटपर्यंत तिला ठाऊक नाही. ठाऊक होतं तेव्हा ती दार उघडत नाही, आणि त्याच दारात त्याचा शेवट होतो."

एवढं सांगून माईंनी कोपऱ्यावरच्या बंगल्याकडे अर्थपूर्ण पाहिलं. तिथं दोन महिन्यांपूर्वी नवे भाडेकरू आलेत. रात्री उशिरा येतात, कुणाशी बोलत नाहीत.

"माई, ते आयटीत आहेत."

"लिफ्टमधलाही काहीतरी सांगतच असेल की."

यावर काय बोलणार! पण माईंचं म्हणणं सिनेमापुरतं खरं आहे. त्याआधीच्या हिंदी सिनेमातले गुंड अड्ड्यावर राहत. लाल दिवा, पिंपं, लाकडी खोकी, कधी कधी मगरींचा हौद. त्यांना घर नव्हतं, शेजार नव्हता, दूध-पेपरचं बिल नव्हतं. 'सत्या'तल्या गुंडांना पहिल्यांदा पत्ता मिळाला.

"आणि नाश्ता," माई म्हणाल्या.

"नाश्ता काय?"

"गुलशनकुमारला मारलं ना, १२ ऑगस्ट १९९७ ला, अंधेरीत, देवळाबाहेर? ही बातमी वर्माला एका निर्मात्यानं सांगितली. सांगताना म्हणे तो तपशीलवार सांगायला लागला, गुलशनकुमार सकाळी इतक्या वाजता उठले, मग याच्याशी बोलले, मग देवळात गेले. वर्माचं डोकंच निराळं. त्याच्या मनात आलं, हे सात वाजता उठले तर मारणारा किती वाजता उठला असेल? त्यानं गजर लावला असेल का? नाश्ता आधी केला असेल की काम उरकून?"

माझ्या अंगावर काटा आला, खरं सांगते. मेलेल्या माणसाच्या दिवसाबद्दल पेपर छापतातच. मारणाऱ्याच्या सकाळबद्दल कुणी विचारत नाही. 'सत्या'मध्ये सुरुवातीलाच एका सिनेनिर्मात्याला गोळ्या घालतात, तो प्रसंग पाहताना तेव्हाच्या प्रेक्षकाला कुठली बातमी आठवली असेल हे सांगायला नको. सिनेमा लागला ३ जुलै १९९८ ला. त्या खुनाला पुरतं वर्षही झालेलं नव्हतं. फिल्मी दुनियेत खंडणीचे फोन येत होते, माणसं जीव मुठीत धरून होती आणि हा माणूस भर पावसात रस्त्यावर कॅमेरा घेऊन टोळीयुद्धाचा सिनेमा करत होता. धाडस म्हणा किंवा तऱ्हेवाईकपणा म्हणा. मला विचाराल तर दोन्ही.

माईंच्या घरातून, आरामखुर्चीतून, त्यांच्या अण्णांचा आवाज आला. "तिला ते इंग्रजी पुस्तकाचं सांग."

"हो, तेही आहे. आयन रँडचं 'फाउंटनहेड'. वर्माला ते पुस्तक फार प्रिय. त्यातला तो हट्टी, कुणापुढे न वाकणारा नायक आणि त्याची नायिका जर मुंबईच्या गुन्हेगारी जगात येऊन पडले तर काय होईल, असंही त्याच्या डोक्यात होतं म्हणे."

"म्हणजे सत्या मूळचा आर्किटेक्ट!" अण्णा आतून म्हणाले आणि स्वतःच हसले.

मला हे पुस्तकाचं प्रकरण फारसं पटत नाही. पडद्यावर त्याचा मागमूस उरलेला नाही आणि नाही तेच बरं. सत्या कुठून आला, त्याचे आईबाप कोण, हे सिनेमा अखेरपर्यंत सांगत नाही. बाकीच्यांना आगापिछा आहे, यालाच नाही. आणि गंमत अशी, की सिनेमा त्याच्या नावाचा, पण लोकांच्या लक्षात राहिला तो भिकू.

यातही गोष्ट आहेच. माईंकडे नसेल असं होईल का?

मनोज वाजपेयीनं 'बँडिट क्वीन'मध्ये डाकू मानसिंगचं काम केलं होतं. वर्माला ते फार आवडलेलं, पण तो कोण, कुठं राहतो, हे त्याला ठाऊक नव्हतं. पुढे 'दौड'मधल्या एका लहानशा कामासाठी नटांची ये-जा सुरू होती, त्यात मनोज आला. काय काय केलंय, असं वर्मानं विचारलं आणि मानसिंगचं नाव निघालं. वर्मा म्हणाला, मी तुलाच शोधत होतो, हे फुटकळ काम करू नकोस, तुला मोठं काम देतो. मनोज म्हणाला, ते द्याच, पण हेही करू द्या, पैशांची गरज आहे.

"शहाणा," माई म्हणाल्या. "उद्याच्या मोठ्या कामावर आजची चूल पेटत नाही. आणि 'दौड' पडला बरं का, दणकून पडला."

मग 'सत्या'चं ठरलं तेव्हा मनोजची अपेक्षा होती की सत्या आपणच. ती भूमिका चक्रवर्तीकडे गेली. मनोज हिरमुसला. पण काम घेतलं आणि भिकूवर अशी मेहनत केली की बास. बोली कोल्हापूरची आणि वागणं आपल्या गावाकडच्या एका भांडखोर माणसाचं. रंगीबेरंगी कपडे घालणारा, जितेंद्रचा भक्त असा तो माणूस. म्हणजे बघा, वरळी-परळच्या टोळीचा दादा म्हणून आपण ज्याच्यावर जीव टाकला, तो अर्धा बेतियाचा आणि अर्धा कोल्हापूरच्या स्वयंपाकघरातला.

"आणि म्हात्रे आमचे," मी म्हटलं. हक्क सोडायचा नाही.

भिकूचं ते सगळ्यांना पाठ असलेलं दृश्य. खडकावर उभा राहून समोरच्या समुद्राला आणि शहराला ओरडून विचारतो, मुंबईचा राजा कोण म्हणून. वाढदिवसांना, गणपतीच्या मांडवात, लग्नाच्या व्हिडिओत, सगळीकडे पोरं त्याची नक्कल करतात. त्या मनोज वाजपेयीला उंचीची भीती वाटते! खाली पाहिलं की पाय लटपटतात. आता पुन्हा ते दृश्य बघा. छाती पुढे, हात पसरलेले आणि पोटात गोळा. राजेपण असंच असावं बहुतेक.

लेखकांचं प्रकरण तर त्याहून मजेदार. वर्माला नव्या दमाचा लेखक हवा होता. मनोजनं नाव सुचवलं अनुराग कश्यपचं. तेव्हा अनुराग जेमतेम पंचविशीतला, नाव कुणाला ठाऊक नाही, 'ऑटो नारायण' नावाचं एक लिखाण खात्यावर. तेच वाचून वर्मानं त्याला घेतलं. दुसरा सौरभ शुक्ला. त्याला बोलावलं लिहायला, पण त्याचा जीव अभिनयात. वर्मानं आमिष दाखवलं, लिही आणि कल्लू मामाही तूच कर. मामा पक्का झाला. दोघांना हैदराबादजवळच्या फार्महाउसवर नेऊन बसवलं आणि पहिला खर्डा तिथं उतरला.

"मुंबईचा सिनेमा हैदराबादच्या शेतात लिहिला!" माई म्हणाल्या. "आणि लिहिलं तेवढंच ठेवलं असंही नाही. वर्मा नटांना सांगायचा, प्रसंग हा असा आहे, बोला तुमच्या मनानं. म्हणून तर ते सगळे एकमेकांच्या बोलण्यात घुसतात. आपण दोघी बोलतो तसं."

हे मात्र नीट कान देऊन ऐकण्यासारखं आहे. टोळीच्या बैठकीत चार माणसं एकदम बोलतात, एक जण मध्येच खातोय, दुसरा भलत्याच गोष्टीवर हसतोय. त्या काळच्या हिंदी सिनेमात एकाचं वाक्य संपल्यावर दुसरा घसा खाकरून सुरू करायचा. इथं वाक्यं पुरी होत नाहीत. कल्लू मामाचं दारू पिऊन चाललेलं ते गाणं घ्या. विशाल भारद्वाजचं संगीत, गुलजारांचे शब्द, आणि पडद्यावर काय? दहा-बारा बाप्ये एकमेकांच्या अंगावर पडून गोंधळ घालतायत. नाच म्हणावा असं काही नाहीच. सिनेमात मुळात गाणी घालायचीच नव्हती. पण गाण्यांशिवाय सिनेमा विकायचा कसा, या भीतीनं आली. उर्मिलावरची गाणी मला आजही थोडी उपरी वाटतात. मामाचं गाणं मात्र प्रसंगाचाच तुकडा आहे.

उर्मिलाचं निघालं म्हणून सांगते. तीनच वर्षांपूर्वी, १९९५ साली, ह्याच वर्मानं 'रंगीला'त तिला अशी नटवली होती की देशभरच्या शिंप्यांना काम मिळालं. 'सत्या'त तीच मुलगी साध्या सुती साड्यांत, वेणी घालून, चाळीच्या जिन्यात. मराठी घरातली मुलगी मराठी घरातल्या मुलीसारखी दिसते ही बातमी होण्यासारखी गोष्ट नाही. पण हिंदी सिनेमात ती बातमी होती.

"आता ऐक," माई भिंतीवर कोपर टेकून म्हणाल्या. "भिकूचा तो मित्र मरतो ना, पोलिसांच्या गोळीनं? भिकू त्याच्या मड्यापाशी जाऊन काय करतो?"

"शिव्या देतो."

"रडत नाही, शिव्या देतो! मेल्यावर! तेही कुणाच्या डोक्यातून आलेलं नाही. वर्माला एकानं खरी हकिकत सांगितली होती. टोळीतला एक जण आपल्या माणसाच्या प्रेतापुढे उभा राहून त्यालाच शिव्या घालत होता, सांगत होतो तरी ऐकलं नाहीस म्हणून."

मी गप्प झाले. आमच्या आजोळी एक मामा बुडून गेले, तेव्हा आजी त्यांच्या उशाशी बसून असंच बोलत होती. भरतीला जाऊ नको म्हटलं होतं ना तुला, म्हणून अद्वातद्वा. हे सिनेमात पाहिलं तेव्हा मला नवल वाटलं नव्हतं. नवल याचं वाटतं, की इतका साधा घरचा प्रकार पडद्यावर यायला १९९८ साल उजाडावं लागलं.

अण्णा आता खुर्ची घेऊन ओट्यावर आले. त्यांना 'सत्या'पेक्षा 'अर्धसत्य' जवळचा. "नाव कुठून घेतलं, ते सांगितलंस का तिला? गोविंद निहलानींचा 'अर्धसत्य', १९८३. त्याला मान म्हणून 'सत्या'. आणि 'अर्धसत्य' कुणाचा? गोष्ट श्री. दा. पानवलकरांची, 'सूर्य'. पटकथा विजय तेंडुलकरांची. त्यात जी कविता आहे ती दिलीप चित्र्यांची. आणि रामा शेट्टी कोण? आमचा नगरचा सदाशिव अमरापूरकर! 'हँड्स अप' नाटकात निहलानींनी त्याला पाहिलं आणि उचलला."

"नावाची दुसरी गोष्ट आहे," माईंनी त्यांना तोडलं. "वर्माला कॉलेजात असताना एक मुलगी आवडायची. तिचं नाव सत्या."

"तेही असेल," अण्णा नाखुशीनं म्हणाले. त्यांना तेंडुलकर पुरेसे होते.

दोन्ही गोष्टी वर्माच सांगतो, तेव्हा दोन्ही ठेवाव्यात. अण्णांचा मुद्दा मला मोलाचा वाटतो तो वेगळ्या कारणासाठी. मुंबईच्या गुन्हेगारीवरच्या हिंदी सिनेमाच्या पायात मराठी कथा आहे, मराठी नाटक आहे, हे आपण विसरतो. पानवलकरांचं नाव आज किती जणांना ठाऊक आहे? 'अर्धसत्य'तला सब-इन्स्पेक्टर वेलणकर नसता तर 'सत्या'तले पोलीस इतके थकलेले, इतके चिडलेले दाखवायचं कुणाला सुचलं असतं, असं मला राहून राहून वाटतं.

"रक्ताचं काय करतात गं?" माईंनी एकदम विचारलं. हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि मला ठाऊक होतं. माझा भाचा एका फाइट मास्तरच्या हाताखाली काही महिने होता. मी जरा खाकरूनच सांगायला घेतलं.

गोळी लागते त्या जागी शर्टाच्या आत रंगीत रक्ताची छोटी पिशवी लावतात. तिच्याखाली बारीकसा बार, बाराखाली जाड पॅड, म्हणजे नटाला चटका बसू नये. शर्टाचं कापड आतून आधीच खरवडून ठेवतात, नाहीतर फाटत नाही. वायर पायजम्यातून किंवा पँटमधून बाहेर. तिकडे बटण दाबलं, की इकडे नटानं त्याच क्षणी झटका खायचा. जरा मागेपुढे झालं तर रक्त आधी आणि मरण नंतर. पुन्हा करायचं तर तो शर्ट गेला. म्हणून एकाच छापाचे पाच-सहा शर्ट आणून ठेवतात. भाचा सांगायचा, मारामारीच्या दिवशी सगळ्यात जास्त घाम कपडेवाल्या दादांना फुटतो.

"म्हणजे भिकूचे ते फुलाफुलांचे शर्ट..."

"भिकूच्या डोक्यात गोळी घालतात, माई."

"हो गं." त्या क्षणभर थांबल्या. "काय दचकले होते मी. निवडणूक जिंकल्याचा आनंद चाललाय, खाणंपिणं चाललंय, आणि तो भाऊ बोलता बोलता पिस्तूल काढतो. ना संगीत, ना काही. भिकूला एक वाक्यसुद्धा बोलू दिलं नाही."

नायकाच्या बरोबरीचा माणूस, आणि त्याला मरताना बोलायला मिळत नाही! तेव्हाच्या एखाद्या मोठ्या नटानं हे चालू दिलं असतं का? मला शंका आहे. नावं मोठी नसल्याचा हा फायदा. मरायचा संवाद मागायला कुणी बसलेलं नव्हतं. संकलन करायला बसलेला अपूर्व असरानी तर १९ वर्षांचा पोरगा. त्याच्या जोडीला भानोदय. दोघांना मिळून त्या वर्षीचं संकलनाचं फिल्मफेअर मिळालं. संदीप चौटा यांना पार्श्वसंगीतासाठी आणि एच. श्रीधरना ध्वनीसाठी. समीक्षकांच्या पसंतीचा सिनेमाही हाच. मनोजला सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार. 'सहायक' हं! सत्या व्हायचं होतं त्याला, आणि न झाल्याचं हे बक्षीस.

पहिल्या दिवसांत मात्र थिएटरं भरली नव्हती. तारे-तारका नाहीत, नायकाचं नाव हिंदीत कुणाला ठाऊक नाही, पोस्टरवर घामट चेहरे. मग ज्यांनी पाहिला त्यांनी दुसऱ्यांना सांगितलं, आणि सिनेमा त्या सांगण्यावर चालला. जाहिरातीपेक्षा भिंतीवरून गेलेली बातमी लांब जाते, याला आम्ही दोघी साक्षीदार आहोत.

"आणि तो रडला," माई म्हणाल्या.

"कोण?"

"वर्मा. २०२५ मध्ये पुन्हा पाहिला ना त्यानं 'सत्या', तेव्हा रडला. भलंमोठं लिहिलंय त्यानं. सिनेमा चांगला म्हणून नाही रडला, नंतर आपण काय करत बसलो ते आठवून रडला. यशानं डोकं फिरलं होतं असं कबूल केलंय. यापुढे कुठलाही सिनेमा करण्याआधी 'सत्या' पाहीन, म्हणतो."

"उशीर झाला जरा," अण्णा म्हणाले.

झालाच. 'कंपनी' चांगला होता, २००२ चा. पुढेपुढे तो पाण्याच्या ग्लासातून आणि टेबलाखालून कॅमेरा फिरवायला लागला आणि माणसं हरवली. इकडे अनुराग कश्यपनं 'ब्लॅक फ्रायडे' केला. तो कोर्टात अडकला आणि प्रेक्षकांपर्यंत यायला २००७ चा फेब्रुवारी उजाडला. सौरभ शुक्लाला लोक आजही कल्लू मामा म्हणून हाक मारतात. त्याची पुढची कामं कितीतरी बारकाईची आहेत, पण मामा काही सुटत नाही.

मला या सगळ्या गर्दीत एकाच व्यक्तीबद्दल बोलायचं होतं, आणि माई तिच्यापर्यंत येतच नव्हत्या. शेवटी मीच विषय काढला.

"माई, प्यारी?"

"अगं, प्यारी!" त्यांनी कपाळावर हात मारला. "तिचं तर राहिलंच."

भिकूची बायको. शेफाली छाया, आताची शेफाली शाह. त्या वेळी ती टीव्हीवरच्या 'हसरतें'मुळे घरोघरी ठाऊक होती, आणि ती मालिका आपल्या जयवंत दळवींच्या 'अधांतरी'वरची. 'सत्या'त तिला मोजके प्रसंग आहेत, सगळे मिळून दहा-एक मिनिटंही भरणार नाहीत. पण पाहा तिच्याकडे. नवरा शहरातला नावाजलेला खुनी आहे आणि ही त्याला घरात यायला उशीर झाला म्हणून झापते. तो हात उगारतो तर हीही उगारते. टोळीतली माणसं बाहेर मान खाली घालून बसलेली, कारण दादाचं घरात काही चालत नाही हे त्यांना ठाऊक आहे. पुढच्या क्षणाला दोघं एकमेकांवर लाडानं रेलतात. दोन मुलं आहेत, त्यांची शाळा आहे. ती त्याला सुधार म्हणत नाही, देवापुढे दिवा लावून रडत नाही, हे पाप आहे वगैरे भाषण देत नाही. पैसा कुठून येतो ते तिला पक्कं ठाऊक आहे. विद्या अंधारात आहे, प्यारी उजेडात, आणि तरी त्याच घरात ती जेवण वाढते. मला तर सिनेमातली सगळ्यात भीतिदायक गोष्ट हीच वाटते, बंदुका नव्हे.

"समीक्षकांचं फिल्मफेअर मिळालं की तिला त्यासाठी," माई म्हणाल्या.

"मिळालं. पण खडकावरचं दृश्य लोकांना पाठ आहे आणि प्यारीचं नाव विचारलं तर निम्म्यांना सांगता येत नाही."

"खरंय," माई म्हणाल्या आणि पापडांची परात माझ्याकडे सरकवली. "अगं, ऊन चाललं."

तुम्हीही कधी 'सत्या' पुन्हा लावलात तर एवढं करा. भिकूकडे बघू नका, तो काही कुठं जात नाही. तो घरात शिरला की त्याच्या मागे, दाराशी उभ्या असलेल्या त्या बाईकडे बघा.